सही केलेला चेंडू

डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर न्यूझीलंडच्या एजाझ पटेलने एकट्याने भारताचे दहाही गडी ११९ धावांत बाद केले. कसोटीत जिम लेकर (१९५६) आणि अनिल कुंबळे (१९९९) यांच्यानंतर हे साधणारा तो तिसराच. जन्म मुंबईचा, पण लहानपणीच तो घरच्यांबरोबर परदेशी गेला. सामना न्यूझीलंडने ३७२ धावांनी गमावला. तरी सही केलेला तो चेंडू त्याने मुंबई क्रिकेट संघटनेच्या तेव्हा नियोजित असलेल्या संग्रहालयाला दिला.

अशा चेंडूचे मोल कशात असते? सुमारे १६० ग्रॅमचे कातडे, बूच आणि सूत; त्याची किंमत ती काय! सहीवरून सही कोणाची एवढेच कळते. चेंडू त्याच डावातला आहे, याला झिजलेली शिवण, उडालेली लकाकी आणि तो ज्यांच्या हातून आला त्यांची साक्ष लागते.

आता त्या शिवणीकडे पाहा. भारतातील कसोटी सामन्यांत मेरठचा एस. जी. चेंडू वापरतात. त्याच्या शिवणीच्या सहाही ओळी कारागीर हाताने घालतो. ती शिवण उठून राहते, म्हणून फिरकी गोलंदाजाच्या बोटांना पकड मिळते. म्हणजे त्या दहा बळींत शिवणाऱ्याचाही वाटा आहे. सही मात्र एकट्या खेळणाऱ्याची.

संग्रहालयात अशा चेंडूखालच्या पाटीवर गोलंदाजाच्या नावाखाली आणखी एक ओळ असावी: चेंडू कोणी शिवला. पटेलचा मान त्याने तसूभरही उणा होणार नाही.