मुलाने भेक पाळलाय? चामखिळीपेक्षा हातांची काळजी करा

पहिला पाऊस पडला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मुलाने अंगणातला तो खडबडीत बेडूक डब्यात आणून ठेवलाय. म्हणतो, पाळणार. त्याला हात लावून चामखीळ येते ना?"

चामखीळ येत नाही, हे सांगून मी उलट विचारतो, "घरात आणखी कोण कोण आहे?" घरात रांगणारे बाळ असेल किंवा केमोथेरपी सुरू असलेली आजी असेल, तर माझे उत्तर बदलते. ते का, हे समजून घेऊया.

हा बेडूक म्हणजे भेक

बेडकाची कातडी ओलसर आणि गुळगुळीत असते. भेकाची कातडी कोरडी व खडबडीत असते आणि तिच्यावर बारीक गाठी असतात. पावसाळ्यात दिव्याखाली किडे खायला येणारा, लांब उड्या न मारता छोट्या छोट्या उड्या घेणारा, तो बहुधा भेकच. डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना त्याच्या फुगीर ग्रंथी दिसतात.

चामखीळ भेकामुळे येत नाही

चामखीळ ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे होते. हा विषाणू माणसाकडून माणसाकडे जातो. भेकाच्या अंगावरच्या गाठी म्हणजे त्याच्या कातडीतल्या ग्रंथी. चामखिळीशी त्यांचा संबंध नाही. उचलल्यावर तो घाबरून हातावर मूत्र सोडतो, त्यानेही चामखीळ येत नाही. हात धुवा, एवढे पुरे.

पहिला खरा धोका: साल्मोनेला

बेडूक, भेक, कासव, पाल या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात. प्राणी पूर्ण निरोगी दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून हे जिवाणू कातडीवर, डब्यात, पाण्यात पसरतात. तिथून ते आपल्या हाताला आणि हातातून तोंडात जातात. अमेरिकेत २००८ ते २०११ या काळात घरातल्या टाकीत पाळल्या जाणाऱ्या आफ्रिकी बटू बेडकांमुळे अशीच साथ पसरली होती. आजारी पडलेल्यांत बहुतेक लहान मुले होती.

लागण झाल्यावर साधारण ६ तास ते ६ दिवसांत जुलाब, पोटात कळा, ताप, कधी उलट्या सुरू होतात. बहुतेक जण ४ ते ७ दिवसांत बरे होतात. पण तान्हे बाळ, म्हातारी माणसे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्यात जिवाणू रक्तात पसरू शकतात, आणि मग आजार जिवावर बेतू शकतो.

हा टायफॉइड नव्हे. टायफॉइडचे जिवाणू याच कुळातले असले तरी ते माणसातच राहतात. त्यामुळे "भेकाने टायफॉइड झाला" असे समजू नका.

दुसरा खरा धोका: ग्रंथींतले विष

भेकाला दाबले, चिरडले किंवा कुणी तोंडात धरले की डोळ्यांमागच्या ग्रंथींतून पांढरट, चिकट स्राव येतो. धडधाकट कातडीवर तो लागला तर सहसा काही होत नाही, फार तर थोडी जळजळ होते. डोळ्यात गेला तर डोळा लाल होऊन खूप झोंबतो.

पोटात गेला तर मात्र गोष्ट गंभीर आहे. या स्रावातली काही द्रव्ये हृदयावर डिगॉक्सिन या औषधासारखा परिणाम करतात. उलट्या होतात, नाडी मंद किंवा अनियमित होते, रक्तातले पोटॅशियम वाढते. म्हणून भेक कधीही खाऊ नये, आणि कुठल्याही दुखण्यावर घरगुती औषध म्हणून तर मुळीच घेऊ नये. शिजवल्याने हे विष निघून जात नाही.

या घरांत भेक पाळू नका

- ५ वर्षांखालील मूल असेल तर. मूल हात तोंडात घालणारच. त्याला समजावून उपयोग नाही.
- ६५ वर्षांवरील माणसे असतील तर.
- केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण, एचआयव्ही किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड यांमुळे कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर.

अशा घरात मोठ्या मुलाला रागावू नका. संध्याकाळी त्याच्यासोबत जाऊन भेक जिथून आणला तिथेच सोडा. अंगणातला भेक रोज दिव्याखाली पाहता येतो. त्यासाठी डबा लागत नाही.

बाकीच्यांनी पाळायचाच म्हटले तर

- कोणता प्राणी पाळता येतो, हे आधी वन विभागाकडे विचारून घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे.
- भेकाला, डब्याला, पाण्याला हात लागला की साबण आणि वाहत्या पाण्याने २० सेकंद हात धुवा. लहानांनी मोठ्यांसमोर धुवावेत. साबण नसेल तेव्हाच सॅनिटायझर, आणि घरी आल्यावर पुन्हा साबण.
- डबा स्वयंपाकघरात ठेवू नका. त्याचे पाणी भांडी घासायच्या मोरीत ओतू नका, संडासात टाका. डबा धुताना हातमोजे घाला.
- भेकाची पापी घेणे, त्याला गालाला लावणे, अंथरुणात घेणे नको.
- भेक कातडीतून पाणी शोषतो. हाताचा साबण, क्रीम, डासांचे औषध त्याच्या अंगात जाते. म्हणून उचलण्यापूर्वीही साध्या पाण्याने हात नीट धुवा.
- त्याला हलणारे, जिवंत किडेच लागतात आणि तो कित्येक वर्षे जगू शकतो. सुट्टी संपल्यावर हे कोण करणार, ते आधी ठरवा.

काय झाले तर काय करायचे?

डोळ्यात स्राव गेला: चोळू नका. स्वच्छ वाहत्या पाण्याने १५ मिनिटे डोळा धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

मुलाने भेक तोंडात घातला किंवा चाटला: ओल्या फडक्याने तोंड पुसा, मोठ्या मुलाला चूळ भरून थुंकायला लावा. उलटी काढू नका, मिठाचे पाणी पाजू नका. लक्षणे दिसायची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जा किंवा १०८ ला फोन करा. तिथे "भेक तोंडात गेला" हे स्पष्ट सांगा, म्हणजे लगेच ईसीजी आणि पोटॅशियमची तपासणी होईल.

जुलाब लागले: ओआरएस सुरू करा. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना मनाने देऊ नका. शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणे, सुस्ती, किंवा पाणीही पोटात न टिकणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तान्ह्या बाळाच्या बाबतीत यांचीही वाट पाहू नका.

आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी घरात भेक आहे, हे सांगा. बरेच पालक ते सांगत नाहीत, कारण त्यांना ते जुलाबाशी संबंधित वाटतच नाही.