मंदीत कारखान्याचा खर्च कसा कमी कराल? कामगार कपातीआधी ‘या’ ४ गोष्टी तपासा

ऑर्डर घटल्या की छोट्या कारखान्यात सर्वांत आधी चर्चा होते ती माणसे कमी करण्याची. २०१९-२० मध्ये देशातील प्रवासी वाहनांची विक्री सुमारे १८ टक्क्यांनी घटली, तेव्हा वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगांसमोरही हाच प्रश्न होता. पण अनुभवी सीएनसी ऑपरेटर एकदा गेला की तो परत मिळेलच असे नाही. नव्याला तयार करायला काही महिने जातात आणि तोवर रिजेक्शन वाढते. मग दुसरीकडे पैसे वाचू शकतात का? समजून घेऊ.

आधी हिशेब मांडा

खर्च दोन प्रकारचे असतात. कच्चा माल, टूल्स, वाहतूक हे खर्च कामाबरोबर कमी-जास्त होतात. जागेचे भाडे, कर्जाचा हप्ता, विजेचा स्थिर आकार हे काम नसले तरी भरावेच लागतात. मंदीत खरा भार या दुसऱ्या प्रकाराचा असतो.

समजा, महिन्याचा स्थिर खर्च ३ लाख रुपये आहे आणि विक्रीच्या प्रत्येक १०० रुपयांतून बदलते खर्च वजा जाता ३० रुपये उरतात. ना नफा ना तोटा या पातळीवर यायला १० लाखांची विक्री लागेल. स्थिर खर्च ३० हजारांनी कमी केला, तर ९ लाखांची विक्री पुरेल. म्हणजे ३० हजारांची बचत ही १ लाखाची नवी ऑर्डर मिळवण्याइतकी मोलाची आहे.

१. वीजबिलाची दुसरी बाजू वाचा

बहुतेक जण फक्त एकूण रक्कम पाहतात. बिलावरील तीन आकडे महत्त्वाचे आहेत.

- कॉन्ट्रॅक्ट डिमांड : प्रत्यक्ष वापर घटला तरी डिमांड चार्ज कराराशी जोडलेला असतो. गेल्या १२ महिन्यांतील कमाल मागणी सातत्याने बरीच कमी असेल, तर करारातील मागणी कमी करून घेता येते. मात्र फार खाली आणू नका. ती ओलांडली तर दंड बसतो.
- पॉवर फॅक्टर : बिल केव्हीएएच युनिटवर येत असेल, तर पॉवर फॅक्टरचा परिणाम थेट खिशावर होतो. १० हजार युनिट वापर आणि ०.८५ पॉवर फॅक्टर असेल, तर बिल सुमारे ११,७६५ युनिटचे येते. तो ०.९८ वर नेला तर १०,२०४ युनिटचे. फरक सुमारे १,५६० युनिटचा. ८ रुपये दर धरला तर महिन्याला १२ हजारांहून अधिक. अनेकदा कारण साधे असते : पॅनेलमधले कपॅसिटर निकामी झालेले असतात.
- वेळेनुसार दर : दिवसाच्या कोणत्या वेळी वीज स्वस्त आहे, हे चालू दरपत्रकात पाहून भट्टीसारखी जास्त वीज खाणारी कामे त्या वेळेत बसवता येतात.

२. हवेतून जाणारे पैसे थांबवा

कॉम्प्रेसरच्या पाइपलाइनला ३ मिलिमीटरचे छिद्र असेल, तर ७ बार दाबाला सुमारे ३ किलोवॅट वीज वाया जाते. रोज १० तास आणि महिन्याला २६ दिवस धरले, तर ७८० युनिट. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रे बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा. गळती कुठे आहे, ती कानानेच कळते. बाकीच्या ठिकाणी साबणाचे पाणी लावून पाहावे. कामाला ६ बार पुरत असेल, तर ७ बार ठेवू नये. १ बार दाब कमी केल्यास कॉम्प्रेसरची वीज साधारण ६ ते १० टक्के वाचते.

३. अडकलेली उधारी सोडवा

१० लाख रुपये ९० दिवस अडकले, तर १२ टक्के व्याजाने सुमारे २९,६०० रुपये जातात. तेच ४५ दिवसांत मिळाले, तर हा खर्च निम्म्यावर येतो.

एमएसएमई विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने केलेल्या दुरुस्तीमुळे, मुदत उलटून गेलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत खरेदीदाराला ती आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. यासाठी पुरवठादाराची उद्यम नोंदणी हवी आणि नोंदणी क्रमांक बिलावर छापलेला बरा. मोठ्या ग्राहकाशी संबंध बिघडण्याची भीती असेल, तर ‘ट्रेड्स’ मंचावर बिल वटवून आधी पैसे घेता येतात. त्यासाठी ग्राहक कंपनीही त्या मंचावर असायला हवी.

हाच नियम उलट बाजूनेही लागू आहे. आपल्या छोट्या पुरवठादाराचे पैसे थकवणे म्हणजे बचत नव्हे.

४. रॅकवरचा माल मोजा

गरजेपेक्षा ५ लाखांचे स्टील जास्त पडून असेल, तर १२ टक्क्यांनी वर्षाचे ६० हजार रुपये व्याजात जातात. मंदीत भाव उतरले तर तोटा वेगळाच. सहा महिने न हललेल्या मालाची यादी करा. वापरता येईल तो वापरा, उरलेला विका. भंगारही महिनोन्‌महिने साठवू नका.

काय कापू नये?

यंत्रांची देखभाल, तपासणीची साधने, आगीचा विमा आणि कामगारांची सुरक्षा साधने. यांवरची बचत पहिल्या महिन्यात दिसते आणि एका बिघाडात किंवा अपघातात निघून जाते.

सुरुवात कुठून करायची? मागील १२ महिन्यांची वीजबिले, येणे असलेल्या बिलांची तारखेनुसार यादी आणि स्टॉकचा तक्ता एकत्र घेऊन बसा. कामगारांच्या हजेरीपटाकडे जाण्याआधी हे तीन कागद पाहायला एक दिवस पुरेसा आहे.