नव्वद तासांची मुभा

सप्टेंबर १८९१ मध्ये ‘ल पती जुर्नाल’ या पॅरिसच्या दैनिकानं एक अचाट उपक्रम घडवून आणला. पॅरिसहून निघायचं, अटलांटिकच्या काठावरचं ब्रेस्त गाठायचं आणि त्याच सायकलवर परत यायचं. अंतर सुमारे १२०० किलोमीटर. सायकल हे प्रवासाचं भरवशाचं साधन आहे, हे प्येर जिफार या पत्रकाराला लोकांना पटवून द्यायचं होतं. दोनशेहून अधिक फ्रेंच पुरुष निघाले, जेमतेम निम्मे परतले. स्त्रियांना प्रवेश नव्हता. शार्ल तेराँ झोप न घेता सुमारे एकाहत्तर तासांत पहिला आला. त्याच्या सायकलला हवा भरलेले मिशलँचे टायर होते आणि टायरवाल्यांनी या विजयाची पुरेपूर जाहिरात केली. पण तेराँ परतल्यावरही कित्येक दिवस माणसं येतच राहिली. वाटेत खानावळीत जेवणारी, रात्री बिछान्यावर झोपणारी, पहिला नंबर आपला नाही हे निघतानाच ठाऊक असलेली ही माणसं होती. ती कशासाठी निघाली होती आणि त्यांच्या वारसदारांचं पुढे काय झालं, हाच लांब पल्ल्याच्या हौशी सायकलस्वारीचा खरा इतिहास आहे. मला तो इतिहास असा दिसतो: हा छंद सव्वाशे वर्षं टिकला, कारण त्यानं वेळीच शर्यतीशी फारकत घेतली. त्यातला आनंद आपण होऊन पत्करलेल्या, नियमांत बांधलेल्या कष्टांतूनच तयार होतो, आणि म्हणूनच न निवडता अंगावर येणाऱ्या धोक्याला त्यात स्थान असू नये. आपल्याकडे गेल्या पंधरा वर्षांत हा छंद झपाट्यानं वाढला, पण पत्करलेले कष्ट आणि लादलेला धोका यांची मात्र गल्लत होत गेली.

ही फारकत एका दिवसात झाली नाही. १८९७ मध्ये इटलीत काही हौशी सायकलस्वार रोमहून नेपल्सला, म्हणजे सुमारे २३० किलोमीटर, एका दिवसाच्या उजेडात गेले. अशा धाडसी स्वारांना ‘ऑडॅक्स’ म्हणायची पद्धत तिथून पडली. १९०१ च्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसमध्ये व्यावसायिक शर्यतवीर आणि हौशी प्रवासी असे दोन गट वेगळे झाले. व्यावसायिकांत जिंकलेल्या मॉरिस गारँनंच दोन वर्षांनी पहिली तूर द फ्रान्स जिंकली. तूरचे जनक आंरी देग्रांज यांनी १९०४ मध्ये फ्रान्समध्ये ऑडॅक्स स्वाऱ्या सुरू केल्या. त्यांत सगळ्यांनी पुढाऱ्याच्या मागोमाग एकाच ठरावीक वेगानं जायचं असे. पुढे देग्रांज आणि ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँ यांचं बिनसलं. तेव्हा १९२१ मध्ये या क्लबनं स्वतःच्या ‘ब्रेव्हे’ सुरू केल्या, ज्यात ठरलेल्या मुदतीच्या आत प्रत्येकानं आपापल्या वेगानं जायचं. आज जगभर चालणाऱ्या ब्रेव्हेचं मूळ एका भांडणात आहे. पण त्या भांडणातून निघालेली तडजोड विलक्षण होती: घोळक्याची सक्ती गेली, शर्यतही आली नाही. १९३१ मध्ये या क्लबनं पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसची हौशी आवृत्ती काढली आणि ती पूर्ण करणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. त्याच वर्षीची व्यावसायिक शर्यत ऑस्ट्रेलियाच्या ह्यूबर्ट ऑपरमननं जिंकली. व्यावसायिकांची शेवटची शर्यत १९५१ मध्ये झाली, पुढे तिच्यासाठी पुरेसे स्पर्धकच मिळेनात. हौशी आवृत्ती मात्र आजही दर चार वर्षांनी होते आणि तिला हजारो माणसं येतात. ज्यांना जिंकायचं होतं त्यांनी हा रस्ता सोडला, ज्यांना फक्त पोचायचं होतं त्यांनी तो धरून ठेवला.

सायकलच्या यंत्रातही हाच फरक उतरला. सेंत-एतिएन गावचे पॉल द व्हिव्ही, टोपणनाव व्हेलोसियो, हे ‘ल सिक्लिस्त’ या मासिकाचे संपादक आणि बदलत्या गियरचे हट्टी प्रचारक होते. चढावर सायकल हलकी व्हावी, म्हणजे साध्या शरीराच्या माणसालाही डोंगर ओलांडता येईल, एवढंच त्यांचं म्हणणं. देग्रांजना गियर म्हणजे दुबळेपणाची कबुली वाटे. तूरमध्ये डिरेलर, म्हणजे साखळी सरकवून बदलणाऱ्या, गियरला परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. व्हेलोसियो तेव्हा हयात नव्हते, पण हौशी प्रवासी कित्येक वर्षं अशा गियरवर डोंगर चढत होते. हलके गियर, डायनॅमोचा दिवा, मडगार्ड, पुढच्या हँडलवरची पिशवी, या सोयींची काळजी ज्याला उद्या पुन्हा सायकलवर बसायचं आहे त्यानं वाहिली. शर्यतीत सायकल कमीत कमी वेळेपुरती चांगली असावी लागते; लांबच्या प्रवासात ती दिवसभर आणि रात्रभर शरीराला सोसावी लागते. मला व्हेलोसियोंचा आग्रह गियरपेक्षाही मोठा वाटतो. भूक लागण्याआधी खावं, तहान लागण्याआधी प्यावं, थकण्याआधी थांबावं, या अर्थाची त्यांची शिकवण आजच्या क्रीडावैद्यकाशी बरीचशी जुळते. शरीरात साठवलेली साखर जोराच्या श्रमात दोन तासही पुरत नाही, आणि ती संपल्यावर खाल्लेलं कामी यायला बराच वेळ जातो.

ब्रेव्हेचे नियम पाहिले की हा शहाणपणा आकड्यांत उतरलेला दिसतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस, आणि पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसला नव्वद तास. थांबे, जेवण, पंक्चर सगळं धरून ताशी पंधराच्या आसपासचा वेग पुरतो. हा वेग मुद्दाम मंद आहे आणि त्यामागे भौतिकशास्त्र आहे. सपाटीवर बरीचशी ताकद हवा बाजूला सारण्यात जाते आणि ही गरज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते; ताशी वीसचा वेग तीसवर नेला तर हवेशी झगडायला तिपटीहून अधिक शक्ती लागते. मंद चालवणाऱ्या मध्यमवयीन माणसाला तीनशे किलोमीटर शक्य होतात, ते या हिशोबामुळे. फार जोरात जाणाऱ्यालाही नियम अडवतात. प्रत्येक कंट्रोल, म्हणजे वाटेतलं तपासणीचं ठिकाण, उघडण्याची वेळ ठरलेली असते, पहिल्या दोनशे किलोमीटरसाठी ताशी चौतीसच्या वेगानं काढलेली. आधी पोचलात तर थांबा. कंट्रोल सोडून वाटेत मागून गाडी आणून मदत घ्यायची नाही, रात्री दिवे आणि चमकतं जॅकेट सक्तीचं, आणि निकालात क्रमांक नसतो, नावं वर्णानुक्रमानं लागतात. कोणाला हरवायचं नाही हे एकदा पक्कं झालं की दिवसाचा पोत बदलतो. पहाटे लाल दिव्यांची रांग हळूहळू विखुरते आणि अर्ध्या तासात प्रत्येक जण आपल्या लयीत एकटा असतो. पुढे त्याच माणसांची चहाच्या टपरीवर पुन्हा गाठ पडते, पोचल्याचा पुरावा म्हणून पेट्रोल पंपाची पावती किंवा एटीएमची चिठ्ठी जपून ठेवली जाते, एखाद्याची ट्यूब दुसऱ्याच्या चाकात जाते. भूगोल अंगाला कळायला लागतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तीस-बत्तीस किलोमीटर खाली वाईपर्यंत त्याचा लहानसा अंशच उरतो, हे पुस्तकात वाचता येतं; पण पसरणी घाटानं सायकल खाली सोडली की धुकं, दाट झाडी, मग उघडं माळरान आणि कोरडा वारा एकाच उताराच्या ओघात ओळीनं भेटतात. मोटारीतून हे दिसत नाही, आणि चालत जाणाऱ्याला अख्खा दिवस लागतो. दिवसाला एक संपूर्ण प्रदेश मावेल, एवढा वेग सायकल देते.

भारतात या हौसेचा पहिला मोठा अध्याय मुंबईतच लिहिला गेला. ऑक्टोबर १९२३ मध्ये काही पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघं इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास करून मार्च १९२८ मध्ये परतले. त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. त्यांच्यानंतर आणखीही पारशी स्वार गेले. पण ही परंपरा घराघरांत पसरली नाही. स्वातंत्र्यानंतर सायकल सर्वांची झाली, ती कामाची वस्तू म्हणून. पुण्यासारख्या गावात सायकलवर कर होता, तो भरल्याचा बिल्ला लावावा लागे, तासावर सायकली भाड्यानं मिळत, दिव्याविना रात्री निघालं तर पोलीस अडवत. ज्या वाहनावर रोज कारखान्यात जायचं, त्यावरच सुटीत दोनशे किलोमीटर हिंडावं असं फारच थोड्यांना वाटलं असणार. मग स्कूटर आणि मोटारसायकल आली आणि सायकल गरिबीची खूण ठरली. गेल्या दोन दशकांत गियरच्या हलक्या सायकली आल्यावर ती हौस म्हणून परतली. २००८ पासून निलगिरीचा सायकल दौरा सुरू झाला, आणि २०१० च्या आसपास पुण्याच्या दिव्या ताटे यांच्या पुढाकारानं ब्रेव्हे भरवणाऱ्या ऑडॅक्स इंडिया रँडोनर्सचं काम उभं राहिलं. आज ब्रेव्हे मोठ्या संख्येनं होणाऱ्या देशांत भारताची गणना होते, आणि नाशिक, नागपूर, कोल्हापूरचे डॉक्टर, शिक्षक, व्यापारी ‘एसआर’ म्हणजे काय हे सहज सांगतात. एकाच वर्षात २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण केले की सुपर रँडोनर.

इथे एक रास्त आक्षेप येतो. वेळेची मर्यादा ठेवली की ती शर्यतच नव्हे का? घड्याळाशी तरी स्पर्धा आहेच, आणि चाळीस तास सायकल चालवणं म्हणजे झोप मोडणं, हात बधिर होणं, बैठकीला जखमा होणं. यातलं शरीराबद्दलचं सगळं खरं आहे. दुसऱ्या रात्री डुलकी लागून उतारावर पडण्याचा धोका कोणत्याही नियमानं पुरता टळत नाही. तरी मुदत आणि शर्यत यांत मोठा फरक आहे. शर्यतीत एकाचं यश दुसऱ्याच्या अपयशावर उभं असतं. मुदत सर्वांना सारखी पुरते, सगळेच्या सगळे पूर्ण करू शकतात. आणि क्रमांक नसल्यामुळे अर्ध्यावर सोडण्याची किंमत कमी असते. २००७ च्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसमध्ये पावसानं झोडपलं आणि सुमारे तीस टक्के स्वारांना ती पूर्ण करता आली नाही. झोपाळलेल्या, गारठलेल्या माणसानं वेळीच थांबणं या परंपरेत शहाणपणाचं मानतात. आपल्याकडे नेमकी इथेच घसरण होते आहे. पदकांचे फोटो, वर्षात किती एसआर झाल्या याची मोजदाद, ‘डीएनएफ’ (पूर्ण न केलेली) या तीन अक्षरांची लाज, यांमुळे थांबण्याची किंमत पुन्हा वाढली. याला वर्तमानपत्रांचाही हातभार लागला. नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आरपार ओलांडणारी ‘रॅम’ जोडीनं पूर्ण केली, २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं केली. या कामगिरीपुढे मान लवतेच. पण ती मागे मदतीच्या गाड्या आणि पथक असलेली खडतर शर्यत आहे. हौशी ब्रेव्हे ही तिची पहिली पायरी असं चित्र रंगवलं की प्रत्येक दोनशेवाल्याला आपण कुठेतरी कमी पडतो असं वाटू लागतं.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. ज्या देशात जवळपास निम्म्या घरांत सायकल ही गरजेची वस्तू आहे, तिथे लाखभर रुपयांच्या सायकलवर हौसेनं थकणं ही चैन नाही का? चैन आहे, हे मान्य. दुधाच्या किटल्या लावून रोज वीस किलोमीटर जाणाऱ्याला कष्ट निवडायची मुभा नसते, आणि माझ्या मूळ म्हणण्यानुसार निवड नसेल तिथे हा आनंदही नसतो. पण यातून हौस सोडून द्यावी असा निष्कर्ष निघत नाही. इंग्लंडमध्ये १८७८ मध्ये स्थापन झालेल्या सायकल प्रवाशांच्या क्लबसारख्या संस्थांनी चांगल्या रस्त्यांची मागणी लावून धरली, तीही मोटारी रस्त्यावर येण्याच्या आधी. त्यातून झालेला रस्ता सगळ्यांचा झाला. आपल्या हौशी स्वारांचा आवाज दूधवाल्यापेक्षा मोठा आहे. त्यांनी तो सगळ्यांच्या रस्त्यासाठी वापरला तर चैनीची परतफेड होते.

आणि रस्त्याचा प्रश्नच सर्वांत गंभीर आहे. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. अशा रस्त्यावर पुण्याहून साताऱ्याकडे कात्रज-खंबाटकी ओलांडत जाणारा स्वार जो धोका घेतो, त्याला साहस म्हणणं मला मान्य नाही. चढ, समोरचा वारा, पहाटेची थंडी हे त्याचे स्वतः निवडलेले कष्ट. उलट्या बाजूनं येणारा ट्रॅक्टर, विनादिव्याचा उभा ट्रक, पावसाळ्यातला खड्डा हे त्यानं निवडलेले नाहीत, आणि त्यातून वाचल्यावर वाटणारी सुटका म्हणजे या छंदाचा आनंद नव्हे. आयोजक महामार्ग निवडतात त्याला कारणं आहेत: डांबर बरं असतं, रात्री ढाबे उघडे असतात, मोबाइलला रेंज असते. पण लांबच्या रात्रीच्या टप्प्यांसाठी राज्यमार्ग निवडून आधी ठरवलेल्या गावांत कंट्रोल ठेवले, तिथे स्वच्छतागृह आणि रात्रभर जागं माणूस असेल एवढी खात्री केली, तर आज मोजक्याच असलेल्या स्त्रियांचं प्रमाणही वाढेल. पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसमध्येही ते वर्षानुवर्षं कमीच राहिलं आहे. १८९१ मध्ये स्त्रियांना नाकारणाऱ्या परंपरेचं हे देणं अजून फिटलेलं नाही. पुणे महापालिकेनं २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, पण जोडलेलं जाळं अजून झालेलं नाही. शहराबाहेर सुरक्षितपणे पडता येत नसेल तर दोनशे किलोमीटरचे पहिले वीसच सर्वांत धोक्याचे ठरतात. वेळापत्रकही आयोजकांच्या हाती आहे. ब्रेव्हेचं वर्ष नोव्हेंबरमध्ये सुरू होतं, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महाराष्ट्रात सायकलचे सर्वांत चांगले महिने. चारही अंतरं त्या काळात बसवली तर एप्रिलच्या उन्हात ६०० किलोमीटर काढण्याची गरज उरत नाही. चार वर्षांच्या क्रमानं पुढची पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस २०२७ मध्ये येते. तिच्या पात्रतेच्या ब्रेव्हे त्याआधी पूर्ण कराव्या लागतात, म्हणून त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीचं वेळापत्रक आणि त्यातले रात्रीचे रस्ते आधीच ठरवायला हवेत.