सत्यमनंतर शिकलं कोण?

शेअर कोसळला की माणसं कंपनीवर, सेबीवर, नशिबावर चिडतात. त्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून बघणारा मात्र विरळाच. हर्षद मेहता प्रकरणापासून, म्हणजे १९९२पासून हेच पाहतो आहे. तेव्हा बाजाराची धास्ती घेऊन अनेकांनी युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ योजनेवर भिस्त ठेवली. जुलै २००१मध्ये ट्रस्टने त्याचीच विक्री आणि पुनर्खरेदी थांबवली.

पण खरी शिकवणी सत्यम या आयटी कंपनीची. ७ जानेवारी २००९ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं कबुलीपत्र बाहेर आलं. ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. हे घरबसल्या कुणाला कळणं शक्य नव्हतं. लेखापरीक्षकांनीही त्या हिशेबांवर सह्या केल्या होत्या. एक गोष्ट मात्र उघड होती. २००१मध्ये २५ टक्क्यांच्या आसपास असलेला प्रमोटरांचा हिस्सा २००८पर्यंत ९ टक्क्यांच्या खाली आला होता. मालकच दुकानातून पाय काढत होता आणि गिऱ्हाइकं रांगेत उभी होती! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीला सुशासनाचा पुरस्कारही मिळाला. (तेव्हापासून अहवालातली पुरस्कारांची पानं मी उलटूनच टाकतो.) डिसेंबरात संचालक मंडळाने राजू कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या घेण्याला संमती दिली, तेव्हा कुठे गुंतवणूकदार खवळले आणि तो व्यवहार काही तासांत मागे घ्यावा लागला.

नियमांनी धडा घेतला. प्रमोटरांचे गहाण शेअर जाहीर करणं सक्तीचं झालं, २०१३च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षक ठरावीक काळाने बदलायला लावले. तरीही २०१८मध्ये आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेने कर्जाचे हप्ते थकवले, तेही थोड्याच दिवसांपूर्वीपर्यंत ट्रिपल ए मानांकन असताना. मार्च २०२०मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटींचे एटी-१ बाँड शून्यावर आले.

आणि आपण? सेबीच्या २०२४च्या पाहणीत आधीच्या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. त्यांच्या हातातल्या मोबाइलवर सगळे अहवाल फुकट मिळतात.

तुमच्याकडच्या एखाद्या कंपनीचा अहवाल या रविवारी काढा. अध्यक्षांचं भाषण सोडा. संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार, संभाव्य देणी आणि लेखापरीक्षकाचे शेरे एवढंच वाचा, आणि तिमाही शेअरहोल्डिंगमध्ये प्रमोटरांनी किती शेअर गहाण टाकलेत ते बघा.