पोटातल्या बिऱ्हाडकरूंचा डबा

आपण एकटे कधीच जेवत नाही. ताटावर बसलेला माणूस एक असला, तरी त्याच्या मोठ्या आतड्यात जिवाणूंचं अख्खं गाव पंगतीची वाट बघत असतं. त्या गावाला खूश ठेवण्यासाठी औषधाच्या दुकानात बाटल्या नि कॅप्सूल मिळतात. पण त्यांचा खरा डबा भरतो तो आपल्याच स्वयंपाकघरात. कसा, ते बघू या.

वजन किती? वाटीभर दह्याएवढं!
२०१६ साली इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. ७० किलोच्या माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, आणि त्याच्या स्वतःच्या पेशी असतात ३० लाख कोटींच्या घरात. म्हणजे घरमालकापेक्षा बिऱ्हाडकरूच जास्त! एवढ्या सगळ्यांचं मिळून वजन मात्र २०० ग्रॅमच्या आसपास.

आपला चोथा, त्यांचं पक्वान्न
धान्याचा कोंडा, डाळीचं साल, भाजीच्या शिरा हे आपल्याला पचत नाही, म्हणून ते थेट मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं. तिथले जिवाणू त्यातलं बरंच आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के ऊर्जा यातूनच मिळते. बिऱ्हाडकरू भाडं देतात ते असं.

भाकरी जिंकते
हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम बाजरी किंवा नाचणीत ११ ग्रॅमच्या आसपास तंतुमय पदार्थ असतात, ज्वारीत १० ग्रॅम. मैदा आणि पॉलिश केलेला पांढरा तांदूळ ३ ग्रॅमच्याही आत अडकतात. दिवसाची गरज धरली जाते साधारण ३० ग्रॅम. दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, एक पालेभाजी आणि एखादं फळ एवढ्यावर बराचसा पल्ला गाठता येतो.

भोगीच्या कढईत किती जण?
अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. आठवड्याला ३० हून जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या पोटात, १० किंवा त्याहून कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा जिवाणूंची विविधता जास्त आढळली. तीसचा आकडा ऐकून दडपण आलं ना? मग आमच्या घरची भोगीची भाजी मोजा : वांगं, गाजर, घेवडा, पावटा, सोलाणे, मटार, बोरं, शेंगदाणे, तीळ, खोबरं. दहा झाले. सोबत बाजरीची भाकरी, अकरा. मसाले तर मोजलेच नाहीत! ऋषिपंचमीच्या भाजीचंही तेच. अळू, माठ, दोडका, पडवळ, भेंडी, सुरण, लाल भोपळा, मका असे सगळे एका पातेल्यात. सण वर्षातून एकदा येतो, पण मिसळीची भाजी दर आठवड्याला करायला कुणाची हरकत आहे?

करंगळीचा थर्मामीटर
दूध तापवून निवत ठेवायचं. करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता आलं, चटका बसला नाही आणि दूध गारही लागलं नाही, की चमचाभर विरजण घालून हलकं ढवळायचं. मग झाकण. हिवाळा असेल तर भांडं कणकेच्या डब्यात ठेवायचं नाहीतर जाड फडक्यात गुंडाळायचं. रात्रभरात जिवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करतात, त्या आंबटपणाने दुधातली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि सकाळी चमचा उभा राहील असं दही तयार! विरजण संपलंय? हिरव्या मिरचीची देठं टाकूनही दूध विरजणारी घरं आहेत.

१९०५ मध्ये बल्गेरियाच्या स्तामेन ग्रिगोरोव्ह यांनी तिथल्या दह्यातला जिवाणू ओळखला. पुढे दह्याचा पाठपुरावा केला तो इल्या मेचनिकोव्ह या शास्त्रज्ञाने. त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, पण दही मात्र जगभर गाजलं. आपल्याकडे ते आधीपासूनच ताटात डावीकडे होतं.

कढी की ताक?
दोन्ही! फक्त एवढं लक्षात असू द्या की कढी उकळली की दह्यातले जिवाणू मरतात. जिवंत हवे असतील तर ताक, मठ्ठा, कोशिंबीर. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२१ मध्ये ३६ निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगात रोज दही, केफिर, किमची असे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या पोटात दहा आठवड्यांत जिवाणूंची विविधता वाढली, आणि शरीरातला दाह दाखवणारी १९ प्रथिनं कमी झाली.

मग इडली फुकट गेली का?
मुळीच नाही. वाफेने जिवाणू मरतात, पण तोवर त्यांनी काम केलेलं असतं. आंबवल्याने धान्य-डाळीतलं फायटिक आम्ल कमी होतं, आणि लोह-जस्त शोषून घेणं शरीराला सोपं जातं. आपली आंबोळी, नाचणीची आंबील, माडाच्या सुरेने फुगणारी गोव्याची सान्नां, तीन दिवस पाणी बदलत भिजवलेल्या तांदळाचे अनारसे हा सगळा आंबवण्याचाच गोतावळा.

गार भाताची करामत
शिजवलेला भात गार झाला की त्यातल्या काही स्टार्चची ठेवण बदलते. ते लहान आतड्यात पचत नाही आणि पुढे बिऱ्हाडकरूंच्या वाट्याला येतं. कच्च्या केळ्याची भाजी याच कारणाने त्यांच्या आवडीची. मात्र उरलेला भात तासन्‌तास ओट्यावर ठेवू नका. लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी दहीभात करा.

कॅप्सूलचं काय?
वाइझमन संस्थेनेच २०१८ मध्ये एक छोटा प्रयोग केला. अँटिबायोटिक घेतल्यानंतर काहींना प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणूंच्या कॅप्सूल दिल्या, काहींना काहीच दिलं नाही. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांचे मूळचे जिवाणू लवकर परतले, प्रोबायोटिकवाल्यांचे रेंगाळले. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० मध्ये पचनाच्या बहुतेक तक्रारींसाठी प्रोबायोटिकची शिफारस केली नाही. डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी दिलं असेल, तर जरूर घ्या. पण कॅप्सूलमधून येतात ते पाहुणे, त्यांचं जेवण येत नाही. ते कांद्या-लसणातल्या इन्युलिनमध्ये आहे, संत्र्याच्या फोडीवरच्या पांढऱ्या धाग्यांत आहे, मोड आलेल्या मटकीत आहे.

सबुरीने घ्या
इतके दिवस मैद्यावर काढले असतील, तर पहिल्याच दिवशी परातभर उसळ नको. पोट गुरगुरेल. चोथा हळूहळू वाढवा, पाणीही वाढवा. कडधान्य भिजवलेलं पाणी ओतून द्या, मोड येऊ द्या, म्हणजे गॅस करणाऱ्या शर्करा कमी होतात. आतड्याचा जुना विकार किंवा कमी प्रतिकारशक्ती असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पूर्वी विरजण संपलं की वाटी घेऊन शेजारी जायचं आणि पुढच्या वेळी शेजारीण आपल्याकडे यायची. एका घरचं दही असं अख्ख्या चाळीत नांदायचं. आज रात्री मूठभर मटकी भिजत घाला, भांडंभर दूध विरजा. सकाळी दही लागलं की चमचाभर बाजूला काढून ठेवा. उद्या कुणीतरी वाटी घेऊन येईल.