आधी छिद्रं, मग क्वांटम डॉट

क्वांटम डॉटचा रंग त्याच्या आकारमानावर ठरतो. कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे २ नॅनोमीटरचा कण निळसर उजेड देतो, ६ नॅनोमीटरचा लाल. पदार्थ तोच. या कणांच्या शोधासाठी आणि निर्मितीसाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. पण हाच गुण अडचणीचाही आहे. माप जरा चुकलं की रंग सरकतो. म्हणून लेसरसाठी असंख्य डॉट एकत्र लावायचे, तर मला लहान असण्यापेक्षा सारखेपणा मोलाचा वाटतो.

गॅलियम आर्सेनाइडवर इंडियम आर्सेनाइडचा थर चढवला, की स्फटिकजाळ्यांमधल्या सुमारे ७ टक्के फरकाचा ताण येतो आणि थराचे आपोआप ठिपके, म्हणजेच डॉट, होतात. मात्र ते कुठे उमटतील आणि केवढे होतील, हे आपल्या हाती नसतं. इलेक्ट्रॉन-किरणांनी एकेक जागा कोरता येते, पण त्याला फार वेळ लागतो.

इथे ॲल्युमिनियम कामी येतं. त्याचा पत्रा ऑक्झॅलिक आम्लात बुडवून धन टोकाला जोडला आणि ४० व्होल्ट दिले, की वर चढणाऱ्या ऑक्साइडमध्ये सरळ उभी छिद्रं पडत जातात. छिद्राच्या तळाशी ऑक्साइड विरघळतं आणि खाली नवं तयार होतं. तयार होताना ते फुगतं, शेजारच्या भिंती एकमेकींना रेटतात आणि मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी मांडणी आपसूक जमते. छिद्रांमधलं अंतर व्होल्टमागे साधारण अडीच नॅनोमीटर, म्हणजे इथे १०० च्या आसपास.

सुरुवातीची छिद्रं मात्र वेडीवाकडी असतात. शिस्त येते ती खोलवर. टोकियोच्या हिदेकी मासुदा यांनी १९९६ मध्ये एका सहकाऱ्यासह यावर सुंदर तोड काढली. पहिला थर पूर्ण वाढू द्यायचा आणि मग सगळा विरघळवून टाकायचा. खालच्या धातूवर खळग्यांची नीट रांग उरते आणि दुसऱ्या वेळी छिद्रं तिथूनच सुरू होतात. छिद्रांच्या याच जाळीतून त्यांनी सोन्याचे ठिपके उमटवले. पुढे अशी जाळी गॅलियम आर्सेनाइडवर ठेवून, निर्वात कक्षात अणूंच्या झोतातून अर्धवाहक डॉट वाढवले गेले.

जाळी जाड असेल तर अणू भिंतींनाच चिकटतात, तळ गाठत नाहीत; म्हणून ती पातळ हवी. शिवाय अखंड शिस्त काही मायक्रोमीटरच टिकते. त्यावर मासुदांच्याच गटाने १९९७ मध्ये उपाय दाखवला: सिलिकॉन कार्बाइडचा ठसा ॲल्युमिनियमवर दाबून छिद्रांच्या जागा आधीच आखून द्यायच्या. ठसा कोरायला इलेक्ट्रॉन-किरण लागतातच, पण एकदा कोरलेला ठसा पुन्हा पुन्हा वापरता येतो.