हादग्याच्या पानातलं कवच

भादवा सरत आला की माझ्या परसातला हादगा पांढऱ्या फुलांनी लगडतो. राजगडाखालच्या गुंजवणे गावातल्या पोरांना विषाणू समजावताना मी करोनाऐवजी याच झाडापासून सुरुवात करतो. हादग्याला एक विषाणूजन्य रोग होतो. पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे उमटतात. तिरुपतीच्या परिसरात सापडलेल्या या विषाणूची रचना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. आर. एन. मूर्ती, एच. एस. सावित्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली. ती 1995 मध्ये प्रसिद्ध झाली.

एका मिलिमीटरात तीसेक हजार कण ओळीनं बसतील, एवढा हा बारीक. भोवती वीस त्रिकोणी बाजूंचं कवच, तेही एकाच प्रथिनाच्या 180 प्रती जोडून झालेलं. आतला जनुकसंच जेमतेम चार हजार अक्षरांचा; त्यात पन्नास तऱ्हेच्या प्रथिनांची माहिती मावणार कुठे? म्हणून एकच प्रथिन पुन्हा पुन्हा वापरायचं. जोडणाराही कुणी लागत नाही. शास्त्रज्ञांनी जिवाणूंकडून नुसतं हे प्रथिन बनवून घेतलं, तर कवचं आपोआप जुळून आली. मग प्रथिनाच्या सुरुवातीची 65 अमिनो आम्लं छाटली, तेव्हा 60 प्रतींचं लहान कवच तयार झालं! मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. प्रथिनाचं एक टोक गेलं आणि कवचाचं मापच बदललं. उत्क्रांतीला असे बदल पुरतात.

या प्रथिनाची घडी ठरलेली आहे: आठ पट्ट्या, चार-चारच्या दोन थरांत समोरासमोर. 1985 मध्ये पोलिओच्या विषाणूची रचना समजली, तेव्हा त्याच्या कवचातही हीच घडी निघाली. कुठे हादग्याचं पान आणि कुठे माणसाचं आतडं! दोन्ही प्रथिनांतला अमिनो आम्लांचा क्रम ताडून पाहिला, तर नातं ओळखूही येत नाही. विषाणूंची जनुकं झपाट्यानं बदलतात, घडी मात्र टिकते. आमच्या राजगडावर कागदपत्रं नसली तरी जाणकार चिऱ्यांच्या घडणीवरून तटाचा काळ ताडतात, तसंच हे.

हीच घडी फार मोठ्या विषाणूंतही भेटते. आयआयटी मुंबईच्या किरण कोंडाबागील यांच्या गटानं पवई तलावातून अमीबात वाढणारा एक महाकाय विषाणू वेगळा केला. त्याचा जनुकसंच सुमारे बारा लाख अक्षरांचा. अशा महाकाय विषाणूंच्या मुख्य कवच-प्रथिनात तीच घडी दुहेरी असते. ही दुहेरी घडी माणसाच्या अॅडिनोविषाणूत आहे, जिवाणूंवरच्या एका विषाणूत आहे आणि अमेरिकेत यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांतल्या आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांवरच्या विषाणूतही आहे. माणसासारखे जीव, जिवाणू आणि आर्किया या जीवसृष्टीच्या तिन्ही शाखांच्या विषाणूंत ती सापडते, म्हणून त्या शाखा फुटण्याआधीच ती अस्तित्वात असावी, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात.

मग ही घडी मुळात आली कुठून? मार्ट क्रुपोविच आणि यूजीन कूनिन यांनी 2017 मध्ये मांडलं की कवचाची प्रथिनं मुळात पेशींचीच. पेशींतल्या, साखरेला चिकटणाऱ्या काही प्रथिनांतही हादग्याच्या विषाणूतली ही एकेरी घडी दिसते. स्वतःच्या प्रती काढणाऱ्या जनुकांनी ती उचलली आणि अंगावर चढवली. तेही एकदाच नव्हे: नागिणीच्या विषाणूचं कवच वेगळ्याच घडीचं आहे, आणि ती घडी जिवाणू मारणाऱ्या शेपटीवाल्या विषाणूंशी जुळते.